डावी मोजडी

अल्विना ब्लू कोटच्या वर्गात बावीस पोरे असायची आणि तरी टाचणी पडलेली ऐकू यायची. नवे हेडमास्तर आले की पहिल्या आठवड्यात दारात उभे राहून बघत राहायचे. ही बाई ओरडत नाही, डोळे वटारत नाही, मग पोरे इतकी गप्प कशी? उत्तर साधे होते. पोरांच्या तोंडात साळिंदराचे काटे असायचे. काटा भिजला की मऊ होतो, मऊ झाला की दातांत धरून ओढायचा, म्हणजे चपटा होतो, आणि मग हरणाच्या कातड्यावर दुमडून दुमडून शिवायचा. भिजवायला तोंडासारखे सोयीचे भांडे नाही. गालात आठदहा काटे, टोके ओठांच्या बाहेर. तोंडात मूग धरून बसणारी माणसे सगळ्याच मुलखांत असतात, अल्विनाची पोरे काटे धरून बसत.

एकतीस वर्षे तिने आम्हा लाकोटा आदिवासींच्या ओढ्याकाठच्या शाळेत चित्रकला शिकवली. शिकवली म्हणजे काय, ती शिकवायचीच नाही. मध्ये बसून आपले काम करायची. पोरांनी बघायचे. कुणाचे चुकले तर त्याच्या हातातून कातडे घ्यायची, तेवढे टाके उसवायची आणि परत द्यायची. बरोबर आले तर काहीच करायची नाही. तिच्या आईने, रोझालीने, तिला असेच शिकवले होते. रोझालीला लहानपणी सरकारी वसतिगृहात धाडले होते आणि तिथे आमच्या लाकोटा भाषेतला शब्द तोंडातून निघाला की साबणाने तोंड धुवायचे. तिथून ती इस्त्री शिकून आली आणि कमी बोलायला शिकून आली. काट्यांचे काम तिने तिशी उलटल्यावर मावशीजवळ बसून उचलले. त्या घराची एक खास वीण होती, लाल पिवळ्या तिरक्या रेघांची, आणि ती ओढ्याकाठी दुसऱ्या कुणी करायची नाही असा अलिखित नियम होता.

अल्विना तरुणपणी दक्षिणेला जाऊन तेलरंग शिकून आली होती. तिला विचारले तर सांगायची, त्या रंगांचा वास सोसला नाही म्हणून परतले. खरे कारण असे की आईची नजर अधू झाली होती आणि वीण एकाच डोक्यात उरली होती. पुढे तिच्या कामाला बक्षिसे मिळाली. एका मोठ्या प्रदर्शनात मिळालेली निळी फीत तिने फ्रिजच्या दाराला बांधली, कारण ते दार आपोआप उघडायचे. एका दूरच्या शहरात तिची थैली काचेच्या पेटीत ठेवली आहे. ती बघायला गेली तेव्हा तिने रखवालदाराला विचारले, की ही कुणी वापरत का नाही. रखवालदार बिचारा काय सांगणार?

तिला एकच लेक, मार्लिस. वीण आता मार्लिसच्या हातात होती आणि अल्विनाला वाटायचे, चला, आपले काम संपले.

मार्लिस इस्पितळात नर्स होती. एमर्सन नावाच्या मुलाशी लग्न करायचे ठरले तेव्हा ती आईपाशी येऊन बसली. एमर्सन शाळेची बस चालवायचा आणि बसमधल्या पोरांवर असा गरजायचा की कुत्री दडून बसत. मार्लिसने विचारले, "आई, कसा वाटतो गं तुला?" अल्विनाच्या तोंडात तेव्हा काटे होते. तिने मान खाली घालून टाका घातला. काटे संपेपर्यंत मार्लिस उठून गेलेली होती. नंतर लग्न झाले आणि मग एमर्सनबद्दल काही बोलणेही अवघड होऊन बसले.

कारण सासूने जावयाशी बोलायचे नाही, त्याच्याकडे बघायचे नाही आणि त्याच्यासोबत एका खोलीत बसायचे नाही, हा आमच्याकडचा मान आहे. हे भांडण नव्हे. उलट, ज्याने आपली लेक सांभाळायची त्याला इतका मान, की नजरेनेही त्याला हात लावायचा नाही. हल्लीची माणसे याला फाटा देतात, टीव्हीसमोर सासू आणि जावई एकाच सोफ्यावर बसून चिप्स खातात. अल्विना मात्र जुन्या वळणाची, आणि एमर्सनला वाढवले त्याच्या आजीने, म्हणजे तोही तसाच. आठ वर्षांत ती पुढच्या दाराने आली की तो मागच्या दाराने बाहेर. तिने त्याचे बूट पाहिले होते, टोपीची मागची बाजू पाहिली होती. तोंड तिला धड आठवत नव्हते.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मार्लिस रात्रपाळीहून घरी येत होती. रस्त्यावर बर्फाची काच झाली होती. गाडी पुलाखाली गेली.

शाळेच्या जिमखान्यात दोन रात्री तिला ठेवले होते. एका टोकाला अल्विना, दुसऱ्या टोकाला एमर्सन, मध्ये ती. सगळा मुलूख येऊन हात हातात घेऊन गेला. पण काय गेले हे ज्या एका माणसाला अल्विनाइतकेच कळले होते त्याच्याशीच बोलायची सोय नव्हती. तो तिकडे रडला, ही इकडे रडली. त्याच्या रडण्याचा आवाज तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तो आवाज कुणाचा हे तिला दुसऱ्याला विचारावे लागले. याचे दुःख तिला मार्लिसच्या दुःखाइतकेच झाले, असे ती पुढे कधीतरी म्हणाली.

मार्लिसच्या मागे राहिली टेसा, तेव्हा चार वर्षांची. आणि एक मोजडी राहिली, उजव्या पायाची. टेसाला सहाव्या वर्षी लाकोटा नाव द्यायचे, त्या दिवशी घालायला म्हणून मार्लिसने वाढत्या मापाची जोडी करायला घेतली होती. उजवी पुरी झाली होती, लाल पिवळ्या तिरक्या रेघांनी भरलेली. डावीचे कातडे नुसते कापलेले होते. अल्विनाने दोन्ही लाल फडक्यात बांधून पेटीत ठेवले आणि वर्षभर ती गाठ कुणी सोडली नाही.

या वर्षी मार्चमध्ये तिने ती गाठ सोडली, टेसाला किराणाच्या कागदी पिशवीवर उभे केले, पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारली आणि कागद मोजडीच्या तळाशी लावून पाहिला. करंगळीभर जागा उरली होती. उजवी तिने पुन्हा फडक्यात बांधून पेटीत ठेवली. नाव जूनच्या तिसऱ्या शनिवारी. त्या दिवशी पाय बसला तर बसला. पुढच्या उन्हाळ्यात आईच्या हातची मोजडी त्या पायाला कधीच होणार नव्हती.

अल्विना डावी घेऊन बसली. पण आदल्या हिवाळ्यात तिचे वरचे सगळे दात काढून कवळी बसवली होती. काटा ओढला की काट्याबरोबर कवळीही बाहेर यायची. कवळी काढून हिरड्यांनी ओढावे तर काटा चपटा होईना. बोटांचे सांधे तर केव्हाच सुपारीसारखे झाले होते. चार दिवसांत चार बोटे रेघ झाली, तीही वाकडी. तिची चांगली शिष्या होती ती डेन्व्हरला. बाकीच्यांना विचारले तर एकेक जण मान हलवून म्हणायची, बाई, ती वीण तुमच्या घरची, आमचा हात धजणार नाही. तिची मावसबहीण एव्हलिन म्हणाली, मणी लाव, टेसाला काय कळणार आहे. अल्विना त्यावर दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

एप्रिलच्या एका सकाळी ओसरीवर घोंगडीत गुंडाळलेले साळिंदर सापडले. रस्त्यावर मेलेले असणार, बसवाल्यालाच अशी आधी दिसतात. दुसऱ्या आठवड्यात कॉफीच्या डब्यांत धुतलेले, लांबीप्रमाणे निवडलेले काटे आले. अल्विनाला वाटले, पोरगा सासूला मदत करतो आहे. मग एक दिवस कठड्यावर कातड्याची एक पट्टी दिसली. तिच्यावर दोन रेघा शिवलेल्या होत्या. टाके मोठे होते, काटे फुगलेले होते, रेघ दारू प्यायल्यासारखी चालली होती. पण दुमड बरोबर होती. आणि पट्टीला बसच्या डिझेलचा वास येत होता.

ती पट्टी घेऊन अल्विना तीन दिवस बसली. हे काम बायकांचे. ते आम्हाला एका बाईच्या स्वप्नातून मिळाले, आणि पुरुषाने त्याला हात लावू नये असे म्हाताऱ्या बायका सांगत आल्या. एव्हलिनने पट्टी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"बापयाच्या हाती काटे? अल्विना, रोझालीमावशीने हे पाहिलं असतं तर काय म्हणाली असती?"

"टाके मोठे आहेत म्हणाली असती," अल्विना म्हणाली.

तिने पट्टीवरचे टाके सगळे उसवले आणि पट्टी परत कठड्यावर ठेवली. एमर्सनने बायकोकडून ऐकले होते की या घरात उसवणे म्हणजे काय. दुसऱ्या दिवशी तो आला.

पण शिकवायचे कसे? स्वयंपाकघराची खिडकी ओसरीवर उघडते. अल्विनाने टेबल खिडकीला लावले आणि पडदा इतका खाली ओढला की वीतभरच काच उघडी राहिली. आत ती बसली, बाहेर लाकडी खोक्यावर तो. तिला त्याचे तोंड दिसेना, त्याला तिचे दिसेना. काचेच्या अलीकडे दोन हात, पलीकडे दोन हात. ती जुन्या काट्यांवर हळूहळू वीण करून दाखवायची, तो समोर तशीच करायचा. काटे त्याने दातांनी ओढायचे, दात त्याचे मजबूत होते. पट्टीवर हात बसला तेव्हा तिने आपल्या वाकड्या रेघा उसवून डावीचे कातडे उंबऱ्यावर ठेवले.

बोलायची वेळ आली तर डेप्युटी होता. डेप्युटी म्हणजे मार्लिसचा म्हातारा कुत्रा, एका कानाने बहिरा. तो जाळीच्या दाराच्या उंबऱ्यावर अर्धा आत अर्धा बाहेर पडलेला असे. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसे इथे कुत्र्याला बोलायचे आणि जावयाला लागायचे.

"डेप्युटी," अल्विना म्हणायची, "दोरा इतका ओढू नये. कातडं आहे, बसचं स्टिअरिंग नाही."

बाहेरून जरा वेळाने आवाज यायचा. "डेप्युटी, स्टिअरिंगसुद्धा मी इतकं ओढत नाही, सांग."

डेप्युटी शेपटी एकदा आपटायचा. त्याचे दोघांशीही बरे होते.

मे महिन्यात बसमधली पोरे घरी सांगू लागली की ड्रायव्हर ओरडायचा थांबला आहे. मागे कितीही दंगा करा, तो आरशातून नुसता बघतो. आयांना वाटले, बायकोच्या दुःखाने खचला. त्याच्या गालात काटे भिजत होते.

हळूहळू डेप्युटीला इतर गोष्टीही कळू लागल्या. टेसा रात्री आईच्या नावाने हाक मारायची थांबली, हे त्याला एमर्सनने सांगितले. ती थांबली याचे बरे वाटते की वाईट हे मला कळत नाही, असेही सांगितले. अल्विनाचे हात काचेपाशी थांबले. मग तिने कुत्र्याला सांगितले, की मार्लिस सहा वर्षांची असताना झोपेत बडबडायची आणि ती बडबड सगळी मांजरांबद्दल असायची. बाहेर तो हसला. हा माणूस हसतो कसा हे तिला आठ वर्षांनी कळले. सुरुवात मोठी आणि शेवटी एकदम कमी.

जूनच्या त्या आठवड्यात, गुरुवारी, डावी पुरी झाली. त्याने ती उंबऱ्यावर ठेवली आणि खोक्यावर जाऊन बसला. अल्विनाने पेटी उघडली, लाल फडक्याची गाठ सोडली आणि मार्चनंतर पहिल्यांदा मार्लिसची मोजडी टेबलावर काढली. शेजारी त्याची ठेवली.

टाके बारीक होते. काटे चपटे होते. रेघ सरळ होती. पण उजवीवरच्या रेघा डावीकडे कलत होत्या आणि डावीवरच्या उजवीकडे.

रोझालीच्या हातच्या मोजड्यांत दोन्ही पायांच्या रेघा एकाच बाजूला कलत. तिच्या मावशीच्याही तशाच. अल्विनाला आधी समजेचना, की दोन महिने समोर बघत असताना हे आपल्याला दिसले कसे नाही. मग तिने काचेकडे पाहिले आणि समजले. तो समोर बसलेला होता. तिचा उजवा हात त्याच्या डाव्यासमोर होता आणि त्याने आरशात बघावे तसे सगळे उचलले होते. तिलाही ते आरशात आपलेच काम बघावे तसे दिसत होते, म्हणून खटकले नाही. शेजारी बसवून शिकवले असते तर हे झाले नसते. शेजारी बसवायचे नव्हते, म्हणून झाले.

काचेपलीकडे त्याचे हात गुडघ्यांवर होते. तिचे हात थांबलेले त्याने पाहिले आणि ते कशासाठी थांबले हेही त्याला उमगले असावे, कारण उंबऱ्यावरून त्याचा हात आत आला, उताणा, मोजडी परत मागणारा. दुसऱ्या हातात कात्री होती. दोन दिवसांत उसवून पुन्हा होणार नाही हे दोघांना ठाऊक होते. तरी त्याने हात मागे घेतला नाही. अल्विनाने पहिल्यांदा तो हात मधल्या काचेशिवाय पाहिला. अंगठा आणि तर्जनी टोचून टोचून काळीनिळी झाली होती, आणि एका नखाखाली काट्याचे मोडलेले टोक अजून रुतलेले होते.

तिने दोन्ही मोजड्या पायांत घालाव्यात तशा जवळ जवळ ठेवल्या. रेघा मध्याकडे कलून एकमेकींना भेटत होत्या. तंबू उभारताना दोन काठ्या अशाच एकमेकींवर रेलतात, एक काढली की दुसरी पडते.

"डेप्युटी," ती म्हणाली, "कात्री ठेवून दे म्हणावं. एक उजवी आहे, एक डावी आहे. पायही तसेच असतात."

हात मागे गेला. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. हा तिला ओळखू आला, कुणाला विचारावे लागले नाही.

डावी उसवली नाही हे ऐकून एव्हलिन बघायला आली. मोजड्या हातात घेऊन उलट्यासुलट्या केल्या आणि जाताना आपल्या घरची सगळ्यात चांगली चांदणीची गोधडी समारंभात लोकांना वाटायच्या ढिगावर ठेवून गेली. एव्हलिनच्या बाबतीत याला माफी म्हणतात.

शनिवारी ऊन कडक होते. मंडपाखाली ढोल वाजत होता. टेसाच्या केसांत पीस बांधले, घरातल्या एका म्हाताऱ्या काकांनी तिचे नाव चारी दिशांना मोठ्याने सांगितले. ते नाव मी इथे सांगत नाही, ते तिचे आहे. मग तिने नव्या मोजड्यांनी मैदानाला एक फेरी घालायची होती. अल्विना तिच्या मागे चालत होती आणि पावलांखेरीज तिला काही दिसत नव्हते. उजवे पाऊल मार्लिसचे, डावे पाऊल त्याचे.

अर्ध्या फेरीत टेसाने मागे वळून हळूच सांगितले, "उन्ची, अंगठ्याला चावतायत." उन्ची म्हणजे आजी. अल्विनाने विचारले, काढायच्या का? टेसाने नकारार्थी मान हलवली आणि पुढे चालू लागली.

मग गोधड्या, घोंगड्या, पीठ आणि साखरेच्या पिशव्या लोकांना वाटून झाल्या. घरात ठेवायचे काही उरले नाही तेव्हा कुठे समाधान, आमची रीतच ती. बायका मटणाचा रस्सा आणि तळलेल्या रोट्या वाढू लागल्या आणि सगळे तिकडे वळले. अल्विना रिकामी खोकी ठेवायला एमर्सनच्या ट्रकपाशी गेली. तो तिथेच होता, ट्रकच्या पलीकडे, चाकाला टेकून पाठमोरा. एरवी ती मागे फिरली असती.

ती खोकी ठेवून उभी राहिली. मान खाली, नजर आपल्या पायांपाशी, नेहमी डेप्युटी असतो तिथे.

"डेप्युटी, ऐक," ती म्हणाली. "मार्लिसने मला एकदा विचारलं होतं, मुलगा कसा वाटतो म्हणून. माझ्या तोंडात काटे होते. काढून बोलता आलं असतं, मी काढले नाहीत. तो कसा आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणून नव्हे. लेक जाणार याचा राग आला होता. चांगला आहे, असं म्हणायचं राहिलं. आज म्हणते."

ट्रकच्या पलीकडे टोपी काढल्याची चाहूल लागली.

"डेप्युटी," तो म्हणाला आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली. "डेप्युटी, त्यांना सांग, मार्लिसला ते कळलं होतं. ती घरी येऊन म्हणाली होती, आई काहीच बोलली नाही. मी म्हटलं, मग झालं, नापसंत. तर हसली. म्हणाली, वेड्या, आमच्याकडे बरोबर असलं की काही बोलत नाहीत. चुकलं असतं तर तिने उसवलं असतं."

अल्विनाने ट्रकला हात लावला. पत्रा उन्हाने तापला होता, तरी तिने हात काढला नाही.

तेवढ्यात मंडपाकडून बायकांचा गलका ऐकू आला. कुणाचे तरी कुत्रे परातीतला मटणाचा मोठा तुकडा घेऊन ओढ्याकडे पळाले होते आणि एव्हलिन हातातला डाव उगारून विचारत होती, की हा बहिरा म्हातारा नक्की कुणाचा.

दोघांनीही ते ऐकले. त्याला आणायला कुणीच गेले नाही. ट्रकच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो, दोघे आपापल्या पायांपाशी बघत बराच वेळ उभे राहिले.